१४ कोअरचं जुनं झिऑन किट की ६ कोअरचा आय५? घरच्या व्हर्च्युअलायझेशन सर्व्हरचा प्रोसेसर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत खाली ऑफिस, वर घर. एकच मशीन घेऊन त्यावर प्रॉक्समॉक्स टाकायचं, म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारी सिस्टिम. त्यात टॅलीचा डेटा ठेवायला एक विंडोज व्हीएम (तिघे एकाच वेळी काम करतात), सहा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग फ्रिगेटवर, घरच्यांसाठी जेलीफिन (सिनेमे-व्हिडिओ), नेक्स्टक्लाउड (फाइली), होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं), पाय-होल (जाहिराती अडवणारा डीएनएस) आणि मुलाच्या अभ्यासासाठी लिनक्सच्या दोन व्हीएम. डिस्क सोडून बजेट ४५ हजार. समोर चार पर्याय आहेत: एक्स९९ बोर्डासह झिऑन ई५-२६८० व्ही४ (इंटेलचा जुना सर्व्हर प्रोसेसर) चं किट, आय५-१२४००, रायझन ५ ५६००जी आणि एन१०० चा मिनी पीसी. मन झिऑनकडे झुकलंय, कारण त्याच पैशात १४ कोअर मिळतात.

झिऑन घेऊ नका. आय५-१२४०० घ्या, 'एफ' नसलेला, आणि उरलेल्या पैशांची रॅम घ्या. कारणं सांगतो, कारण पुढच्या वर्षी मॉडेल बदलतील, पण हिशेब हाच राहील.

घरचा सर्व्हर दिवसाचे चोवीस तास चालू असतो आणि त्यातले वीस-बावीस तास त्याला जवळपास काही काम नसतं. कॅमेरे लिहीत असतात, डीएनएसच्या चार चौकश्या येतात, होम असिस्टंट मिनिटाला एखादा सेन्सर वाचतं. म्हणून पहिला आकडा बघायचा तो रिकाम्या वेळच्या वॅटचा. खोक्यावरचा टीडीपी इथे उपयोगाचा नाही. तो भाराखालच्या उष्णतेचा आकडा आहे. ६५ वॅटचा १२४०० रिकामा बसलेला असताना अख्खं मशीन २० ते ३० वॅटवर राहू शकतं. तेच १२० वॅटचं झिऑन किट ग्राफिक्स कार्डासकट ७० ते ९० वॅट खातं, कारण त्या पिढीच्या सर्व्हर चिप आणि ते बोर्ड खोल झोपेत जायला तयार नसतात.

आता महावितरणचं बिल हातात घ्या. सतत १ वॅट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. झिऑन ८० वॅट आणि आय५ २५ वॅट धरला तर फरक ५५ वॅट, वर्षाला ४८२ युनिट. युनिटचा दर काढताना एकूण बिल भागिले युनिट असा सरासरी हिशेब करू नका. सर्व्हरचे युनिट तुमच्या वापराच्या शेवटच्या टप्प्यावर चढतात, म्हणून त्या टप्प्याचा वीज आकार घ्या, त्यात वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवा आणि त्यावर घरगुती मीटरचं १६ टक्के वीज शुल्क लावा. समजा हे सगळं १२ रुपयांवर आलं, तर वर्षाला ५,७८० रुपये जास्त. तीन वर्षांत १७ हजारांच्या वर. 'स्वस्त' किटचा स्वस्तपणा तिथेच संपला. शिवाय ८० वॅट म्हणजे महिन्याला साधारण ५८ युनिट. ज्या घराचं बिल २६० युनिटच्या आसपास येतं, ते तेवढ्याने ३०० च्या वर, पुढच्या टप्प्यात जातं. ऑफिसचं मीटर वेगळं आणि व्यापारी असेल तर दर वेगळा लागेल. सर्व्हर कुठल्या मीटरवर बसणार हे आधी ठरवा.

वॅटचा दुसरा हिशेब बॅटरीचा. नेहमीच्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-अवर. प्रत्यक्षात हाती लागतात निम्मे किंवा त्याहून कमी. भार वाढला की शिशाची बॅटरी आणखी कमी देते. आय५ आणि राउटर-ओएनटी (फायबरचा डबा) मिळून ४० वॅट असतील तर नव्या बॅटरीवर तासभर निघतो. झिऑन आणि राउटर मिळून ९५ वॅट असतील तर वीस मिनिटं, आणि दोन उन्हाळे झालेली बॅटरी असेल तर दहासुद्धा कठीण. घरच्या मोठ्या इन्व्हर्टरवर लावणार असाल तर त्याचा मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये बदलाबदलीला जेवढा वेळ लागतो, तेवढा कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय दम धरेलच असं नाही. तो साधारण १६-१७ मिलिसेकंद धरतो. वळवाचा पाऊस आला की वीज एका संध्याकाळी चार-पाच वेळा जाते-येते, आणि मशीन दर वेळी रीस्टार्ट होऊन टॅलीचा डेटा बिघडला की दोष उगाच प्रोसेसरला किंवा प्रॉक्समॉक्सला मिळतो.

कोअर मोजण्याकडे येऊ, कारण खरा गोंधळ तिथे आहे.

तुमची यादी कागदावर मांडली तर अशी दिसते. विंडोज व्हीएमला ४ व्हर्च्युअल कोअर आणि ८ जीबी रॅम. होम असिस्टंटला २ आणि ४ जीबी. फ्रिगेटला ४ आणि ४ जीबी. जेलीफिनला ४ आणि ४ जीबी. नेक्स्टक्लाउडला २ आणि ४ जीबी. पाय-होलला १ आणि अर्धा जीबी. मुलाच्या दोन व्हीएमना प्रत्येकी २ आणि ४ जीबी. बेरीज २१ व्हर्च्युअल कोअर आणि साडेबत्तीस जीबी. प्रॉक्समॉक्सचे स्वतःचे २ जीबी आणि झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या कॅशला ५-६ जीबी धरले की ४० च्या घरात.

यातले २१ कोअर बघून घाबरायचं कारण नाही. व्हर्च्युअल कोअर म्हणजे मालकीचा कोअर नव्हे, रांगेत उभं राहायचा हक्क. सहा खऱ्या कोअरवर २१ म्हणजे एकास साडेतीन. अशा मिश्र आणि बहुतेक झोपलेल्या कामाला तीन-चार पट वाटप बिनधास्त चालतं. रॅमचं तसं नाही. तिथे ४० मागितले तर ४० लागतात; बलूनिंग (एका व्हीएमची न वापरलेली रॅम दुसरीला देणं) वगैरे युक्त्या आहेत, पण त्यांच्या भरवशावर मशीन विकत घेऊ नये. म्हणजे तुमच्या यादीला अडवणार आहे ती रॅम. प्रोसेसर निवडताना त्याच्या शेजारी 'हा प्लॅटफॉर्म किती रॅम घेतो' हे लिहा, आणि ३२ जीबीच्या दोन पट्ट्या लावून ६४ करा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढे आहेत. एकदम झेपत नसेल तर ३२ ची एकच पट्टी आधी घ्या, दुसरी नंतर, आणि तोवर मुलाच्या व्हीएम गरजेपुरत्या चालू ठेवा. एका चॅनेलवर चालल्याने इंटिग्रेटेड ग्राफिक्स जरा मंदावेल, बाकी कामाला फारसा फरक पडणार नाही. १६ च्या दोन पट्ट्या घेऊन दोन्ही स्लॉट अडवणं मात्र टाळा.

याच ठिकाणी एन१०० बाद होतो. चिप म्हणून ती वाईट नाही: चार कोअर, ६ वॅट, उत्तम व्हिडिओ डिकोड, व्हर्च्युअलायझेशनला लागणारे व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी दोन्ही. पण इंटेल अधिकृतपणे १६ जीबीच सांगतं, स्लॉट बहुधा एकच, पीसीआय लेन (कार्डं-डिस्क जोडायच्या वाटा) फक्त ९. ३२ ची पट्टी बऱ्याच मशीनवर चालते, पण दुकानदार तशी हमी देणार नाही, आणि तुम्हाला ३२ पण पुरत नाही. यादी याहून बरीच छोटी, १६ जीबीत बसणारी असती तर मात्र उत्तर एन१०० हेच असतं, आणि बजेटमधले बरेच पैसे वाचले असते.

आता त्या १४ कोअरचं. ई५-२६८० व्ही४ ही २०१६ ची ब्रॉडवेल चिप, टर्बो फार तर ३.३ गिगाहर्ट्झ. १२४०० हा २०२२ चा, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा, आणि दर गिगाहर्ट्झमागे बरंच जास्त काम करणारा. एका कोअरच्या कामात १२४०० दीडपटीहून पुढे आहे, आणि सगळे कोअर जुंपले तरी सहा विरुद्ध चौदा ही लढत जवळपास बरोबरीत सुटते. टॅलीत मोठा रिपोर्ट उघडताना, लेजर पुन्हा मोजताना तुम्ही ज्या काट्याकडे बघत बसता, ते काम मुख्यतः एका थ्रेडवर चालतं. तिथे उरलेले तेरा कोअर तुमच्यासारखेच वाट बघत बसतात.

झिऑनची बाजू अगदीच लंगडी आहे असं नाही. जुन्या सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड ईसीसी (चुका पकडून दुरुस्त करणारी) रॅम त्याला चालते, चार चॅनेल मिळतात, ४० पीसीआय लेन मिळतात. कुणाला चार-पाच कार्डं लावायची आहेत, १२८ जीबीच्या वर जायचं आहे आणि मशीन दिवसातून तीन तासच चालवायचं आहे, तर ते किट योग्य. पण त्या चिनी एक्स९९ बोर्डांवर चिपसेट बऱ्याचदा जुन्या बोर्डावरून काढलेला असतो, बायोस अपडेट मिळत नाही, आणि चिपमध्ये ग्राफिक्स नसल्यामुळे एक कार्ड कायमचं बसवावं लागतं. फ्रिगेट-जेलीफिनला लागणारं व्हिडिओचं हार्डवेअर अर्थातच नाही.

ते हार्डवेअर तुमच्या बाबतीत कोअरपेक्षा महत्त्वाचं आहे. सहा कॅमेऱ्यांचे प्रवाह चोवीस तास डिकोड करायचं काम प्रोसेसरच्या कोअरवर टाकलं तर सर्व्हर कधीच झोपत नाही आणि वरचा सगळा वॅटचा हिशेब पाण्यात जातो. १२४०० मधला यूएचडी ७३० हा ग्राफिक्सचा भाग हे काम क्विकसिंकमधून (इंटेलचं व्हिडिओ हार्डवेअर) करतो, आणि इंटेलच्या ओपनव्हिनो सॉफ्टवेअरमार्फत माणूस-गाडी ओळखण्याचं कामही त्याच्याकडे देता येतं. म्हणून '१२४००एफ' हजार-दोन हजाराने स्वस्त दिसला तरी घ्यायचा नाही. त्यात ग्राफिक्स नाही.

फ्रिगेट आणि जेलीफिन दोन्ही एलएक्ससी कंटेनरमध्ये (व्हीएमपेक्षा हलके, प्रॉक्समॉक्सचाच कर्नल वापरणारे कप्पे) ठेवा, म्हणजे एकच ग्राफिक्स दोघांना वाटून देता येतं. व्हीएमला पासथ्रू केलं, म्हणजे थेट सोपवलं, तर ते पूर्ण त्या एका व्हीएमचं होतं, आणि मशीनला लावलेला मॉनिटरही काळा होतो. फ्रिगेटचे लेखक डॉकर (ॲप कंटेनरमध्ये चालवायची दुसरी पद्धत) सुचवतात. कंटेनरच्या आत डॉकर चालतं, पण प्रॉक्समॉक्सच्या मोठ्या अपडेटनंतर कधीतरी कुरकुर करतं हे धरून चाला. ओळखण्यासाठी कॅमेऱ्याचा छोटा सबस्ट्रीम (कमी रेझोल्यूशनचा दुसरा प्रवाह) द्या, ६४० बाय ३६० आणि सेकंदाला ५ फ्रेम, आणि मुख्य स्ट्रीम न उलगडता जशीच्या तशी डिस्कवर जाऊ द्या. हे एक सेटिंग चुकलं की लोक प्रोसेसर बदलायला निघतात.

रायझन ५ ५६००जी कुठे बसतो? जवळजवळ बरोबरीत. सहा कोअर, बारा थ्रेड, एकसंध चिप असल्याने रिकाम्या वेळचे वॅट चांगले, एएम४ चे बोर्ड स्वस्त. तुमच्या यादीत कॅमेरे नसते तर नाणं उडवून ठरवा म्हटलं असतं. एक बारकावा लक्षात ठेवा: ५६००जी आणि साधा ५६०० ही नावं भाऊ-भाऊ वाटतात, पण घडण वेगळी. साधा ५६०० दोन तुकड्यांचा आहे, त्याचा आय-ओचा (रॅम आणि जोडण्या सांभाळणारा) तुकडा कधी पूर्ण झोपत नाही, त्यामुळे रिकामं मशीन काही वॅट जास्तच खातं, आणि त्याला ग्राफिक्सही नाही. उलट ईसीसी रॅम साध्या ५६०० ला चालते, बोर्डाने साथ दिली तर. ५६००जी ला चालत नाही. जी मालिकेत ईसीसी हवी तर प्रो नावाची चिप लागते, जशी ५६५०जी.

प्रो चिप वापरलेली स्वस्तात मिळतेय म्हणून उचलण्याआधी एक विचारा: ती कुठल्या मशीनमधून निघाली? काही कंपन्यांच्या ऑफिस पीसीमध्ये पहिल्यांदा सुरू होतानाच रायझन प्रो चिप त्या कंपनीच्या बोर्डाशी कायमची बांधली जाते. ती दुसऱ्या बोर्डात बसते, पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच येत नाही. दुकानात चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

ईसीसीचा विषय निघालाच आहे तर: झेडएफएसला ईसीसी लागतेच हा समज चुकीचा आहे. ईसीसी कुठल्याही फाइल सिस्टिमखाली चांगली, तेवढंच. इंटेलच्या बाराव्या पिढीत ती १२५०० पासून वर, आणि तीही डब्ल्यू६८० चिपसेटच्या बोर्डावरच चालते. १२४०० ला नाही. डब्ल्यू६८० बोर्डाची किंमत बघितली की तुमच्या बजेटमध्ये हा विषय मिटतो. दुकानात कुणी म्हणालं की 'डीडीआर-५ मध्ये ईसीसी आतच असते', तर ती चिपच्या पोटातली दुरुस्ती आहे. पट्टीपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. टॅलीचा रोजचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर आणि आठवड्याचा घराबाहेर, हे ईसीसीच्या आधी करा.

बोर्ड घेताना एच६१० या सगळ्यात स्वस्त चिपसेटवर थांबू नका असं सहसा सांगितलं जातं. तुमच्यासाठी तो चालून जातो, पण काय गमावताय ते माहीत असू द्या. रॅमचे दोनच स्लॉट, म्हणजे डीडीआर-४ मध्ये ६४ जीबीवर पूर्णविराम. सॅटाचे चार पोर्ट. बऱ्याच बोर्डांवर एकच एम.२ (एसएसडीचा स्लॉट), आणि व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक नाही. बी६६० किंवा बी७६० मध्ये चार रॅम स्लॉट आणि दोन एम.२ मिळतात, म्हणजे दोन एनव्हीएमई एसएसडी मिररमध्ये, दोन्हींवर तोच डेटा ठेवून, लावता येतात. टॅलीच्या डेटासाठी मला तो मिरर हवा, म्हणून थोडे पैसे तिकडे घाला. डीडीआर-४ चा बोर्ड की डीडीआर-५ चा हे बोर्डावरच ठरतं, नंतर बदलत नाही. नावात डी४ लिहिलंय का ते वाचून घ्या.

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मात्र त्या एनव्हीएमईवर नको. कॅमेऱ्याला ४ मेगाबिट धरले तर सहा कॅमेरे सेकंदाला ३ एमबी, दिवसाला जवळपास २६० जीबी लिहितात. त्यासाठी सर्व्हेलन्सची वेगळी ३.५ इंची डिस्क, साध्या एक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये.

नव्या पिढ्यांचं काय, असं कुणीतरी विचारेलच. १३४०० मध्ये सहा मोठ्यांबरोबर चार छोटे कोअर येतात, १३५०० मध्ये आठ. प्रॉक्समॉक्सचा लिनक्स कर्नल हे मिश्रण सांभाळतो, पण व्हीएमच्या आतल्या विंडोजला आपण मोठ्या कोअरवर आहोत की छोट्या, हे कळत नाही. मग टॅलीचा तोच रिपोर्ट कधी झटकन उघडतो, कधी रेंगाळतो. उपाय आहे: व्हीएमच्या प्रोसेसर सेटिंगमध्ये 'सीपीयू ॲफिनिटी' च्या रकान्यात मोठ्या कोअरचे क्रमांक, म्हणजे ०-११, लिहायचे. प्रॉक्समॉक्सऐवजी व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय वापरणार असाल तर मिश्र कोअरवर ते सुरू होतानाच जांभळा पडदा दाखवून बंद पडतं. बूट पर्याय देऊन ते टाळता येतं, पण मुळात तो त्रास कशाला? रिअलटेकचं नेटवर्क कार्डही ईएसएक्सआय थेट ओळखत नाही. १२४०० मध्ये सहाही कोअर एकसारखे, हा त्याचा फारसा न मिरवलेला गुण. तेराव्या-चौदाव्या पिढीतले जास्त वॅटचे आय७-आय९ वापरलेले घेणं टाळाच. चढ्या व्होल्टेजमुळे त्या चिप कायमच्या खराब होण्याचं प्रकरण २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं, मायक्रोकोड (चिपच्या आतल्या प्रोग्रामची दुरुस्ती) दिला, वॉरंटीही वाढवली, पण मायक्रोकोडने आधीच झालेली झीज भरून येत नाही.

'टी' अक्षराच्या चिपबद्दलही गैरसमज आहे. १२४००टी म्हणजे ३५ वॅट, म्हणून बिल निम्मं, असं नाही. टी चिपला भाराखाली लगाम असतो. रिकामी असताना ती आणि साधी चिप जवळपास सारखंच खातात. तो लगाम साध्या चिपलाही बायोसमध्ये घालता येतो: पीएल१ आणि पीएल२ (सतत आणि थोड्या वेळासाठीच्या वॅटच्या मर्यादा) दोन्ही ६५ वर ठेवा. मूळ पीएल२ ११७ वॅट असतो, आणि एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या पोटमाळ्यावर ठेवलेल्या मशीनमध्ये खोक्यातल्या कूलरला तो पेलत नाही, पंखा ओरडायला लागतो.

बजेट आणखी कमी करायचं असेल, तर मोठ्या कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले छोटे ऑफिस पीसी बघा: डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपीचे मिनी. त्यात आय५-८५००टी म्हणजे सहा कोअर सहा थ्रेड, १०५००टी म्हणजे सहा कोअर बारा थ्रेड. लॅपटॉपच्या डीडीआर-४ पट्ट्या लागतात, दोन स्लॉट असतात, ६४ जीबीपर्यंत जातात. ३.५ इंची डिस्क बसत नाही, म्हणून कॅमेऱ्यांसाठी वेगळी सोय करावी लागते. घेताना बायोसला पासवर्ड नाही ना आणि मूळ अडॅप्टर आहे ना, हे तपासा. कमी वॅटचा अडॅप्टर लावला की काही मशीन प्रोसेसरचा वेग गुपचूप ८०० मेगाहर्ट्झवर आणतात. प्रॉक्समॉक्सवर यांचं इंटेलचं नेटवर्क पोर्ट भाराखाली कधी अडकतं, लॉगमध्ये 'हार्डवेअर युनिट हँग' असं येतं; टीएसओ आणि जीएसओ ऑफलोड ही नेटवर्कची सेटिंग बंद केली की थांबतं.

आठव्या पिढीच्या खाली उतरू नका, आणि जुना सेलेरॉन-पेंटियम तर नकोच. नव्या लिनक्सची अट आता वर सरकली आहे: रेड हॅट १० ला एव्हीएक्स२ वगैरे सूचनांचा संच लागतो, मोंगोडीबी ५ या डेटाबेसला निदान एव्हीएक्स. सेलेरॉन-पेंटियममध्ये तेही नाही, आणि मग मुलाचा कंटेनर सुरू होताच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून पडतो. हीच चूक चांगल्या प्रोसेसरवरही दिसते, जर व्हीएमचा सीपीयू प्रकार प्रॉक्समॉक्सच्या सुरुवातीच्या सावध पर्यायावर राहिला असेल. लिनक्स व्हीएमना 'होस्ट' द्या. विंडोज ११ किंवा नव्या विंडोज सर्व्हरला 'होस्ट' दिल्यावर कधी उलट मंदपणा येतो, कारण विंडोज आत स्वतःची व्हर्च्युअलायझेशनवर आधारलेली सुरक्षा चालू करतं. तिथे मूळ पर्याय ठेवून दोन्ही प्रकारे टॅलीचा एकच रिपोर्ट घड्याळ लावून बघा.

परवान्याचंही आधीच बघून ठेवा. विंडोज प्रो मध्ये एका वेळी एकच जण रिमोट डेस्कटॉपने बसू शकतो. तिघे बसवायचे तर विंडोज सर्व्हर, त्याचे तीन क्लायंट परवाने आणि रिमोट डेस्कटॉपचे तीन परवाने. तिघांकडे स्वतःचे पीसी आहेतच, तर व्हीएममध्ये फक्त डेटा फोल्डर शेअर करून टॅली गोल्ड त्या पीसींवर चालवा, तो खर्च टळतो. पण मग टॅलीचा बराचसा भार त्या पीसींवर आणि नेटवर्कवर जातो हे समजून घ्या: वायफाय नको, गिगाबिट वायर. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड घेतलाच तर किमान १६ कोअरचा परवाना भरावा लागतो, प्रोसेसर सहाचा असला तरी. दोन झिऑनच्या बोर्डाचा मोह झाला तर २८ कोअरचे पैसे मोजावे लागतील.

'प्रोसेसर कमी पडतोय' असं वाटेल तेव्हा प्रॉक्समॉक्सच्या समरी पानावर सीपीयू वापराशेजारी आयओ डिलेचा (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) आकडा असतो, तो आधी बघा. सीपीयू १५ टक्के आणि आयओ डिले ३० टक्के असेल तर चूक डिस्कची आहे, बहुधा स्वस्त क्यूएलसी एसएसडीची, जी कॅश भरल्यावर पेन ड्राइव्हसारखी वागते. उलट्या बाजूला, विंडोजला ४ ऐवजी १२ कोअर देऊन ती वेगवान होत नाही. बाकीच्यांची रांग मात्र लांबते, आणि फ्रिगेट फ्रेम गाळायला लागतं.

पाय-होल या सर्व्हरवर ठेवायचाच असेल तर राउटरमध्ये दुसरा डीएनएसही भरा. नाहीतर अपडेटसाठी सर्व्हर रीस्टार्ट केला की वरून हाक येते: 'नेट गेलं!'

मशीन जोडून झाल्यावर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन, व्हीटी-डी आणि सी-स्टेट (प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या) चालू करा, 'रीस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' ला 'पॉवर ऑन' ठेवा. रायझन घेतलात तर एसव्हीएम मोड (एएमडीचं व्हर्च्युअलायझेशन) बऱ्याच बोर्डांवर बंदच येतो. प्रॉक्समॉक्स सुरुवातीला गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारं सेटिंग) 'परफॉर्मन्स' ठेवतं. इंटेलवर तो 'पॉवरसेव्ह' केला तरी काम आलं की वेग वर जातोच. मग प्लगमध्ये वॅटमीटर लावून, एकही व्हीएम न चालवता, पंधरा मिनिटांनी आकडा वाचा. २० ते ३० मध्ये असेल तर ठीक. ४५ दिसत असेल तर एकेक कार्ड काढून बघा. पीसीआयची एखादी जुनी सॅटा किंवा रेड कार्डची पट्टी स्वतः आठ-दहा वॅट खाते आणि वर प्रोसेसरलाही झोपू देत नाही.

रॅम नवी असली तरी पहिल्या रात्री मेमटेस्ट चालवा, चार फेऱ्या. एक जरी लाल ओळ आली तर पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात न्या, बदलून देण्याची मुदत संपायच्या आत. आणि मशीन जमिनीपासून वर ठेवा. राजारामपुरी उंचावर आहे, पण हेच उत्तर शाहूपुरीतल्या तळमजल्यावरचं कुणी वाचत असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी आपल्या भिंतीवर कुठवर आलं होतं ते आठवून त्याच्या वर फळी मारा.